‘कधी संपेल?’ विचारलं की साहेब हसतात

प्रश्न : आमची मसाले आणि तयार पिठांची कंपनी आहे. मी तिथे मार्केटिंग विभागात बरीच वर्षं काम करते. गेल्या वर्षी आलेले नवे जनरल मॅनेजर त्याआधी पुण्यातल्या आयटी कंपनीत होते. आल्याआल्या त्यांनी भिंतीवरचा वर्षभराच्या कामाचा तक्ता उतरवला आणि तिथे रंगीत चिठ्ठ्या लावल्या. रोज सकाळी आम्ही त्या भिंतीपुढे उभं राहून काल काय केलं, आज काय करणार ते सांगतो. दर दोन आठवड्यांचा एक ‘स्प्रिंट’. साहेब म्हणतात, आता आपण अ‍ॅजाइल झालो. दिवाळीला थालीपीठ भाजणीचं नवं पाकीट बाजारात आणायचं आहे. ‘काम कधी संपेल?’ असं विचारलं की ते हसतात आणि म्हणतात, ‘अ‍ॅजाइलमध्ये असं विचारायचं नसतं.’ हे खरं आहे का? आणि सॉफ्टवेअरवाल्यांची ही पद्धत आमच्या धंद्याला लागू पडते, की हे नुसतं फॅड?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : विचारायचं असतं, आणि समोरच्याने उत्तरही द्यायचं असतं. तारीख विचारणाऱ्याला हसून घालवावं असं अ‍ॅजाइलच्या कुठल्याही जाणत्या माणसाने लिहिलेलं नाही. ते उत्तर कसं काढायचं ते पुढे हिशेबासकट सांगतो. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ, कारण ही मुळात सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत आहे, हा समज फार पसरलाय.

१९८६च्या सुरुवातीला ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांचा एक लेख आला. नव्या वस्तू झटपट बाजारात आणणाऱ्या कंपन्या नेमकं काय करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या उदाहरणांत फुजी-झेरॉक्सचं कॉपिअर होतं, कॅननचे कॅमेरे होते, होंडाची ‘सिटी’ मोटार होती. एरवीच्या कंपन्यांत डिझाइनवाले आपलं काम पुरं करून उत्पादनवाल्यांकडे सोपवत, ते विक्रीवाल्यांकडे, आणि चूक सापडली की सगळं पुन्हा पहिल्या टेबलावर. या कंपन्यांत मात्र सगळ्या खात्यांची माणसं पहिल्या दिवसापासून एका गटात असायची आणि कामाचे टप्पे एकमेकांवर चढलेले असायचे. होंडाच्या त्या गटाचं सरासरी वय २७ होतं. वरून सूचना दोनच : गाडी आजवरच्या गाड्यांपेक्षा मुळातून वेगळी हवी, आणि स्वस्त हवी पण हलकी वाटता कामा नये. बाकी सगळं पोरांवर सोडलं. लेखकांनी या गटांना रग्बीच्या संघाची उपमा दिली. तुमच्याकडच्या स्प्रिंटवाल्या पद्धतीचं ‘स्क्रम’ हे नाव तिथून आलं.

जेफ सदरलंड यांनी १९९३मध्ये अमेरिकेतल्या ईझल नावाच्या कंपनीत ही कल्पना सॉफ्टवेअरच्या कामाला लावली. १९९५मध्ये केन श्वेबर आणि त्यांनी मिळून ती एका परिषदेत मांडली. फेब्रुवारी २००१मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फात घसरायच्या ठिकाणी अशाच वेगवेगळ्या हलक्याफुलक्या पद्धती वापरणारे १७ जण जमले. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं असलेला ‘अ‍ॅजाइल जाहीरनामा’ त्या बैठकीतून निघाला. तुमच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचं घराणं आणखी वेगळं आहे. ते टोयोटाच्या कारखान्यातलं. तिथले ताइइची ओहनो यांना अमेरिकी सुपरमार्केटची रीत आवडली होती : फळीवरचा माल गिऱ्हाइकाने उचलला की तेवढाच पुन्हा भरायचा. त्यावरून त्यांनी सुट्या भागांबरोबर फिरणारी कार्डं, म्हणजे ‘कानबान’, सुरू केली.

तेव्हा मोटारी आणि कॉपिअरच्या कारखान्यांतून ही कल्पना संगणकवाल्यांकडे गेली आणि आता तुमच्या भाजणीकडे येते आहे. ती उपरी नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या उतरवलेल्या तक्त्यात वाईट असं काही नव्हतं. त्याची अडचण इतकीच की तो कामाच्या पहिल्या दिवशी आखला जातो, आणि त्या दिवशी कामाबद्दल आपल्याला सगळ्यांत कमी माहिती असते. गंमत बघा, सॉफ्टवेअरमध्ये ज्या पायरी-पायरीच्या जुन्या पद्धतीला सगळे नावं ठेवतात, तिची आकृती १९७०मध्ये विन्स्टन रॉइस यांच्या निबंधात आली. त्याच निबंधात रॉइस यांनी बजावलं होतं की असं सरळसोट गेलात तर धोका आहे, काम फसेल. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच ठेवला. अ‍ॅजाइलचं म्हणणं असं की काम लहान तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा वापरता येईल इतका पुरा करा, तो ज्याच्यासाठी आहे त्याला दाखवा, आणि तो काय म्हणतो त्यावरून पुढचा तुकडा ठरवा. स्क्रमच्या मार्गदर्शिकेची २०२०ची आवृत्ती पंधरा पानांच्या आत संपते. तिच्यात दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी माणसांचा गट, जास्तीत जास्त एका महिन्याचा स्प्रिंट, रोजची पंधरा मिनिटांची भेट, शेवटी दाखवण्याची एक बैठक आणि ‘आपण काम कसं केलं’ याची एक बैठक, साधारण एवढाच पसारा आहे.

मग इतक्या ठिकाणी याचं नुसतं नाटक का होतं? माझं मत स्पष्ट आहे : लोक त्यातलं फक्त कर्मचाऱ्यांनी करायचं ते उचलतात आणि साहेबांनी करायचं ते सोडून देतात. ते सोडलेलं काय असतं, हे समजायला अमेरिकेच्या एफबीआयची गोष्ट चांगली आहे. तिथे एकाच कामावर दोन्ही पद्धती वापरून झाल्या, आणि न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी त्याचा हिशेब जाहीर अहवालांत मांडला.

काम होतं तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायचं. पहिला प्रयत्न २००५मध्ये सोडून दिला, तोवर १७ कोटी डॉलर गेले होते. २००६मध्ये ‘सेंटिनल’ या नावाने दुसरा सुरू झाला. लॉकहीड मार्टिनला कंत्राट, चार टप्पे, २००९च्या अखेरीस समाप्ती. २०१०चा ऑगस्ट आला तेव्हा ४५ कोटी १० लाखांच्या अंदाजपत्रकातले सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलर संपले होते आणि हातात चारपैकी दोन टप्पे होते. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने सांगितलं, याच चालीने गेलात तर अजून सहा वर्षं आणि आणखी ३५ कोटी १० लाख डॉलर लागतील.

तेव्हा एफबीआयने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. गट लहान केला, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले, आणि प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी जे तयार झालं ते चालवून दाखवायचं ठरवलं. अ‍ॅजाइलचा कैवार घेणारे वक्ते इथे गोष्ट थांबवतात. पण नवी तारीखही हुकली. सप्टेंबर २०११ ठरली होती. ऑक्टोबरातल्या मोठ्या चाचणीत प्रणाली दोनदा बंद पडली, कारण जुनी यंत्रसामग्री इतक्या जणांचा भार पेलेना. शेवटी १ जुलै २०१२ला सेंटिनल कामाला लागली. अजून सहा वर्षं लागतील असं सांगितलं होतं, ते काम दोन वर्षांच्या आत झालं, आणि एफबीआयच्या म्हणण्याप्रमाणे ठरल्या रकमेत झालं.

या गोष्टीत चिठ्ठ्यांचा रंग कोणता होता याने काही बिघडत नव्हतं. आधीची चार वर्षं ज्यांना हो-नाही म्हणायचा अधिकार होता त्यांच्यासमोर टप्प्याटप्प्यांचे अहवाल येत होते. नंतर दर पंधरा दिवसांनी चालू किंवा बंद पडलेलं काम येऊ लागलं. चाचणीत प्रणाली पडली तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बिघाड लवकर दिसला, म्हणून त्याची किंमत मोजता आली.

स्क्रममध्ये यासाठी एक जागाच ठेवलेली आहे, ‘प्रॉडक्ट ओनर’. मार्गदर्शिका सांगते की ती एकच व्यक्ती असावी, समिती नसावी. कुठलं काम आधी आणि कुठलं मागे हे ती ठरवते, आणि तिचा निर्णय अख्ख्या संस्थेने मानायचा असतो. मधेच स्प्रिंट रद्द करायचा अधिकार फक्त तिला आहे. आता आपल्याकडचं चित्र बघा. भिंतीपुढे उभ्या असलेल्यांना अधिकार नसतो आणि अधिकार असलेले तीन महिन्यांतून एकदा येतात. आले की मालकांच्या धाकट्या भावाला पाकिटाचा पिवळा रंग पसंत पडत नाही आणि दीड महिन्याचं काम मागे फिरतं. अशा कंपनीत कितीही स्प्रिंट करा, तो जुनाच कारभार उभ्याने केल्यासारखा होतो. म्हणून साहेबांना पहिला प्रश्न तारखेचा विचारू नका. ‘भाजणीच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, आणि ते गृहस्थ दर दुसऱ्या शुक्रवारी तासभर इथे बसतील का?’ हा विचारा. उत्तर देताना साहेब हसले नाहीत तर तुमचं काम निम्मं झालं.

मार्केटिंगला हे जमतं का, असंही तुम्ही सुचवलंय. नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेने २०१५मध्ये मुख्यालयातल्या सुमारे ३,५०० जणांची फेररचना केली. त्यात मार्केटिंगवाले, नव्या योजना आखणारे, आयटीवाले अशी मिसळ करून नऊ-नऊ जणांचे गट बांधले. जमतं ते असं. पण या फेररचनेत मुख्यालयातल्या सगळ्यांना आपापल्या जागेसाठी नव्याने अर्ज करावा लागला होता. तेव्हा ‘उद्यापासून आपण अ‍ॅजाइल’ ही घोषणा सोपी आणि त्यामागची उलथापालथ मोठी, हे ध्यानात असू द्या.

आता तुमच्या भाजणीकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. लहान तुकड्यांत काम करायची अट अशी की बदल स्वस्त असला पाहिजे. भाजणीत ज्वारी-बाजरीचं प्रमाण बदलणं स्वस्त आहे. धने जास्त, ओवा कमी, जाडसर दळण की बारीक, हे सगळं दोन आठवड्यांत करून पन्नास घरांत खिलवून बघता येतं. किमतीचंही तसंच, वितरकाला किती सुटतील याची बोलणीही तशीच. पण पाकिटाची छपाई मात्र हट्टी असते. रोटोग्रॅव्हर छपाईत दर रंगाचं एक सिलिंडर कोरतात. एक अक्षर चुकलं तरी त्या रंगाचं सिलिंडर नव्याने कोरावं लागतं, आणि छापणारा ठरावीक किलोंच्या खाली लॅमिनेटची ऑर्डर घेत नाही. असा खर्च गळ्यात पडला की मग लोकांनी ‘नाव कळत नाही हो’ म्हटलेलं कोणालाच ऐकायचं नसतं. म्हणून सिलिंडरचं काम जितकं लांबवता येईल तितकं लांबवा. पहिली बॅच साध्या पाऊचवर स्टिकर लावून किंवा थोडीच डिजिटल छपाई करून नाशिकच्या निवडक दुकानांत ठेवा. परवाना क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, घटक, कधीपर्यंत वापरावं, ही सगळी माहिती त्याही पाकिटावर लागेल. प्रयोग आहे म्हणून अन्नसुरक्षेचे नियम सैल होत नाहीत.

आणि काही गोष्टींना स्प्रिंट समजतच नाही. भाजणी चार महिने टिकते का, हे खात्रीने बघायला चार महिनेच लागतात. जास्त उष्णतेत आणि दमटपणात ठेवून लवकर अंदाज घेता येतो, पण तो अंदाजच. अशी चिठ्ठी पहिल्या दिवशी भिंतीवर चढली पाहिजे, कारण तिचा वेळ कोणीही कमी करून देऊ शकत नाही. तुमच्याकडे ती चिठ्ठी कधी चढली होती, ते एकदा बघून घ्या. दोन-दोन आठवड्यांच्या नजरेने बघायची सवय लागली की लांबचं काम नजरेआड होतं. या पद्धतीचा हा खरा दोष आहे आणि तिचे भक्त त्याबद्दल फार बोलत नाहीत.

दिवाळी हलणार नाही, हे तर उघडच. तारीख पक्की असते तेव्हा बाकीचं लवचिक ठेवावं लागतं : आधी फक्त अर्ध्या किलोचं पाकीट, फक्त नाशिक आणि अहिल्यानगर, मागच्या बाजूची पाककृती पुढच्या छपाईत. काय सोडता येईल याची यादी आषाढातच करून ठेवली तर अश्विनात रडारड होत नाही.

आता तारखेचा हिशेब. समजा, भिंतीवर अजून ६० चिठ्ठ्या उरल्या आहेत आणि त्या आकाराने साधारण सारख्या आहेत. मागच्या पाच स्प्रिंटमध्ये तुम्ही अनुक्रमे ७, ९, ६, १० आणि ८ चिठ्ठ्या पुऱ्या केल्या. सरासरी आठ. म्हणजे साडेसात स्प्रिंट, पंधरा आठवडे. सगळे स्प्रिंट सर्वांत चांगल्यासारखे गेले तर बारा आठवडे, सर्वांत वाईटासारखे गेले तर वीस. साहेबांनी हसण्याऐवजी हे म्हणायला हवं : ‘बारा ते वीस आठवडे, बहुतेक पंधराच्या आसपास, आणि दर पंधरवड्याला मी हा आकडा नवा करून सांगेन.’ दिवाळी चौदा आठवड्यांवर असेल तर काय सोडायचं याची चर्चा आजच सुरू होते. जुन्या तक्त्यावर एकच तारीख असायची आणि ती हुकणार हे शेवटच्या महिन्यात कळायचं.

हातात घेतलेलं एकेक काम लवकर बाहेर पडावं असं वाटत असेल तर माणसं वाढवण्याआधी एक गोष्ट करून बघा. १९६१मध्ये जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. कामाच्या भाषेत सांगायचं तर, एका वेळी २४ कामं अर्धवट उघडी असतील आणि आठवड्याला चार पुरी होत असतील, तर एक काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंत सरासरी सहा आठवडे लागतात. एका वेळी बाराच उघडी ठेवा. माणसं तेवढीच, वेगही तोच राहिला, तरी तीन आठवड्यांत काम बाहेर पडतं. म्हणून भिंतीवरच्या ‘चालू’ रकान्यात किती चिठ्ठ्या मावाव्यात याला मर्यादा घालतात. ती मर्यादा पाळणं सगळ्यांत अवघड, कारण ‘एवढं जरा मधेच करून टाका’ म्हणणारे नेहमी वरचेच असतात. तुमच्या भिंतीवर ‘चालू’मध्ये किती चिठ्ठ्या आहेत आणि त्यांतल्या किती महिनाभर जागच्या हललेल्या नाहीत, हे मोजून साहेबांच्या टेबलावर ठेवा. टीका म्हणून ठेवू नका, आकडा म्हणून ठेवा. आयटीतून आलेल्या माणसाला आकड्याशी वाद घालायला जड जातं.

प्रश्न : आमची रोजची ‘स्टँड-अप’ पाऊण तास चालते. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. गुडघे दुखतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मर्यादा पंधरा मिनिटांची आहे. उभं राहायलाच हवं असं स्क्रमच्या मार्गदर्शिकेत नाही, आणि ते तीन प्रश्न २०२०च्या आवृत्तीतून काढून टाकलेत. बसा. सोळाव्या मिनिटाला उठा आणि कामाला लागा.

प्रश्न : आमचा मुलगा हिंजवडीत ‘स्क्रम मास्टर’ आहे. तो नेमकं काय करतो हे आम्हाला आजवर समजलेलं नाही. तो प्रोग्राम लिहीत नाही आणि त्याच्या हाताखाली कोणी नाही. दोन दिवसांचा कोर्स करून ही पदवी मिळाली असंही म्हणतो. नोकरी टिकेल ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती एकट्या तुमची नाही.

चांगला स्क्रम मास्टर गटाच्या वाटेतले धोंडे बाजूला करतो. चाचणीचं यंत्र चार दिवस मिळत नाही, दुसऱ्या खात्याची मंजुरी अडकलीय, दोन जण एकमेकांशी बोलत नाहीत, साहेब मधेच कामं घुसवतात. या सगळ्यांच्या मागे लागणं हे त्याचं काम. हुकूम सोडायचा अधिकार नाही आणि काम अडलं की लोक त्याच्याकडेच बघतात, त्यामुळे गोड बोलण्याची आणि चिवटपणाची कसोटी असते. ते नीट केलं तर दिसत नाही, ही त्या नोकरीची पंचाईत. वाईट स्क्रम मास्टर बैठकांची आमंत्रणं पाठवतो आणि चिठ्ठ्या सरकवतो.

दोन दिवसांच्या कोर्सने प्रमाणपत्र मिळतं हे खरं. प्रमाणपत्रांचा हा बाजार ज्यांनी जाहीरनामा लिहिला त्यांनाही रुचलेला नाही. त्या सतरा जणांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४मध्येच ‘अ‍ॅजाइल मेलं’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. रॉन जेफ्रीज यांनी २०१८मध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सल्ला दिला की वरून लादलेलं हे ‘अ‍ॅजाइल’ सोडून द्या. दोघांचा राग कल्पनेवर नव्हता. ती कल्पना विकायला काढली आणि मग ती कामगारांवर लादली, यावर होता. नोकरीचं म्हणाल तर जानेवारी २०२३मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने अशा अ‍ॅजाइल कामांसाठी वेगळ्या ठेवलेल्या अकराशेहून अधिक जागा रद्द केल्या. ही कामं आता इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर मंडळींनीच आपल्या कामात धरून करायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा मुलाला विचारा, ‘तू गेल्या महिन्यात कोणता धोंडा हलवलास?’ पटकन दोन गोष्टी सांगितल्या तर काळजी करू नका, ते कौशल्य कुठल्याही नावाखाली विकलं जातं. नुसती बैठकांची नावं सांगितली, तर त्याला चाचण्या लिहिणं, आकडेवारी वाचणं किंवा त्याच्या ग्राहकाचा धंदा, मग तो विमा असो वा बँक, नीट शिकून घ्यायला सुचवा. आईबापांनी सुचवलेलं पोरं लगेच ऐकत नाहीत, हे गृहीत धरून आत्ताच सुचवा.

प्रश्न : मी बांधकामाचा ठेकेदार आहे. भाचा म्हणतो, मामा, तुम्हीही अ‍ॅजाइल व्हा. स्लॅब टाकल्यावर ‘अभिप्राय घेऊन सुधारणा’ कशी करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करू नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू साधारण सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस काढायचे नाहीत, असं आयएस ४५६ सांगतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. तिथे भाच्याने सुचवलेला उत्साह नको. जिन्याची जागा, खिडक्यांची उंची, स्वयंपाकघराचा ओटा याबद्दल मालकांचं मन काय ते कागदावर किंवा जागेवर चुन्याच्या रेघा आखून फिरवून घ्या. तिथे बदल फुकट आहे.

तुमच्या धंद्याला साजेशी या घराण्यातली एक पद्धत मात्र आहे आणि भाच्याला ती माहीत नसावी. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात साइटवर जाऊन मोजलं की आठवड्याच्या सुरुवातीला ठरवलेल्या कामांपैकी आठवडाअखेरपर्यंत किती पुरी होतात. त्यांना त्यावरून ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत सुचली. शेवटचा आखणीकार म्हणजे साइटवर प्रत्यक्ष कामं लावणारा, आपल्याकडचा मुकादम. पुढच्या आठवड्याचं काम ऑफिसातून ठरवायचं नाही. सेंट्रिंगवाला, सळईवाला, गिलाव्याचे गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्या मुकादमांना शनिवारी एकत्र बसवायचं आणि प्रत्येकाने आपण काय पुरं करू ते स्वतः सांगायचं. अट एकच : ज्या कामाचा माल आलाय, जागा मोकळी आहे आणि आधीचं काम झालंय, तेच कबूल करायचं. पाइप आले नसतील तर प्लंबरने हो म्हणायचं नाही. आणि पुढच्या सहा आठवड्यांत काय काय अडणार आहे त्यावर आत्ताच नजर ठेवायची, कारण टाइल्स आणि लिफ्ट आठवडाभरात येत नसतात.

पुढच्या शनिवारी मोजायचं. दहा कबूल केली, सहा झाली, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या चारांपुढे कारण लिहायचं : वाळू आली नाही, नकाशा बदलला, माणसं सणाला गेली. दोनतीन महिन्यांनी ती वही उघडली की तुमचा पैसा नेमका कुठे गळतो ते दिसतं, आणि बहुतेक वेळा दोष गवंड्याकडे नसतो, खरेदीत नाहीतर नकाशात असतो.

सुरुवातीला टक्केवारी पन्नाशीच्या आसपास आली तर घाबरू नका. बॅलार्ड यांना त्यांच्या साइटवर ५४ टक्क्यांच्या आसपासच आढळली होती. फक्त त्या आकड्यावरून मुकादमांचे पैसे कापू नका. कापलेत तर पुढच्या शनिवारपासून वही शंभर टक्के भरून येईल, आणि स्लॅब मात्र तिथेच असेल.